गिरजाक्काची छत्री माझ्याकडेच राहिली

बातमी मला माणसांनी सांगितली नाही, मेंढरांनी सांगितली. भर दुपारची वेळ होती. जेवण करून मी नुकतीच आडवी झाले होते, डोक्यावर पंखा फिरत होता आणि खिडकीतून गायरानावरचं पांढरंफेक ऊन दिसत होतं. डोळा लागता लागता मागच्या फाटकापाशी ओळखीची गडबड ऐकू आली. टबात तोंडं घालून पाणी पिण्याचा तो आवाज... मी अर्धवट झोपेतच समाधानाने कूस बदलली. आली वाटतं गिरजाक्का. मग थोड्या वेळाने जाणवलं की हाक आलेली नाही. हाक मारल्याशिवाय ती कधी मेंढरांना पाणी पाजत नसे. "बाई, निजल्या का?" असं एवढ्या मोठ्याने विचारायची की निजलेल्या माणसाने उठलंच पाहिजे. मी पडल्या पडल्या वाट बघत राहिले. पाण्याचा आवाज थांबला, रिकामा टब फरशीवर घासला गेला, एक मेंढी ओरडली. हाक काही आली नाही.

उठून मागे गेले तर सगळा कळप फाटकाशी उभा, आणि माणूस कुठेच नाही. आदल्या दिवशी आमच्या ग्रामपंचायतीचं मतदान झालं होतं. गिरजाक्का आमच्या प्रभागाची उमेदवार होती. मतं यंत्रात बंद झालेली, मोजणी उद्यावर. मला वाटलं, बसली असेल कुठेतरी कोणाशी बोलत, आज तिला बोलावणारे काय कमी असतील? व्हरांड्याच्या कोपऱ्यात तिची काळी छत्री उभी होती, मतदानाच्या दिवशी माझ्याकडे ठेवून गेलेली. ऊन असं होतं की मी तीच उघडली आणि गायरानाच्या दिशेने निघाले. मेंढरं मुकाट माझ्या मागे आली. एरवी ती मला काडीची किंमत देत नसत.

गायरानातल्या दगडी हौदाशेजारी बाभळीला पाठ टेकून ती बसली होती. पाय लांब सोडलेले, पदर डोक्यावरून नीट घेतलेला, हात मांडीवर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई दमून घटकाभर टेकली आहे. मी हाक मारली. खांद्याला हात लावला. मग कळलं. फोन करून सगळ्यांना बोलावलं आणि माणसं येईपर्यंत तिच्यावर छत्री धरून उभी राहिले. काय उपयोग होता त्या छत्रीचा? पण बाभळीची सावली सरकत होती, तिच्या चेहऱ्यावर ऊन येत होतं, आणि ते मला बघवेना. भोवती मेंढरं उभी. दूर शेंद्र्याच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात हलल्यासारखी दिसत होती. किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही. अजूनही कधी कधी दुपारी जाग येते तेव्हा वाटतं, मी तिथेच उभी आहे.

याला आता काही आठवडे झाले. गिरजाक्का कोण, हे या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. तिच्यावर कुठे काही छापून आलं नाही. आलं ते एवढंच की 'मृत उमेदवार विजयी', आणि खाली दोन ओळी. ती बातमी वाचून लोक हळहळले असतील, काही हसलेही असतील. मला मात्र त्या दोन ओळींचा राग आला. म्हणून हे लिहिते आहे.

मी शहराच्या आतली. आमच्या घराण्यात आधी भिक्षुकी, मग पिढ्यान् पिढ्या कारकुनी. मी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाले, हे गेले, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, आणि मी शहरातलं घर सोडून जालना रस्त्याला, शेंद्र्याच्या अलीकडे, नव्या वसाहतीत शेवटचं रो-हाऊस घेतलं. शेवटचं म्हणजे खरंच शेवटचं. पुढच्या फाटकासमोर सोसायटीचा सिमेंटचा रस्ता, आणि मागचं फाटक उघडलं की गायरान. जाहिरातीत 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं लिहिलं होतं. निसर्ग म्हणजे बाभळी, कुसळं आणि वारा. आमच्या वसाहतीच्या अलीकडे धनगरांची वाडी, पलीकडे गायरान आणि त्यातला जुना हौद. म्हणजे वाडी आणि हौद यांच्या मधोमध आम्ही येऊन बसलो होतो. माझ्या कुंपणाला लागून एक पायवाट तेवढी राहिली होती. वाडीची मेंढरं रोज तिथूनच गायरानाकडे जायची.

राहायला आले ते वर्ष कोरडं गेलं, त्याच्या पुढचंही. पहिल्याच उन्हाळ्यात सकाळी उठून बघते तर माझ्या जास्वंदीचा खराटा झालेला. एक पान शिल्लक नाही. आणि मागच्या फाटकाबाहेर एक उंच, काळीसावळी बाई हातात काठी घेऊन उभी, चेहऱ्यावर जराही अपराधी भाव नाही. मी चांगलंच तोंड सोडलं. ती शांतपणे ऐकत होती. मी दमल्यावर म्हणाली, "मुळं तर हायत ना जाग्यावर? पाणी घाला बाई, फुटतंय."

"पाणी असतं तर तुमच्याशी भांडत उभी राहिले असते का?" मी म्हटलं.

यावर ती जी हसली! कमरेवर हात ठेवून, आकाशाकडे बघून. मला आधी राग आला आणि मग कधी मीही हसायला लागले ते कळलंच नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरण यंत्राचं पाणी पाइपातून बाहेर पडायला लागलं. हे यंत्र पेलाभर गोड पाणी देतं आणि त्याच्याहून जास्त खारं पाणी टाकून देतं. त्या दिवसांत ते बघून जीव तुटायचा. गिरजाक्काने ओंजळ धरून ते चाखलं. "खारं हाय," ती म्हणाली, "पर मेंढरास्नी चालतंय की. कामून फेकून देता?" दुसऱ्या दिवसापासून मी नातवाचा आंघोळीचा निळा टब फाटकाबाहेर ठेवला. नातू एकदाच आला होता, टब पडूनच होता. पाइप त्यात सोडला. तेव्हापासून आजपर्यंत ते पाणी वाया गेलेलं नाही.

मैत्री म्हणतात ती अशी झाली. ती फाटकाच्या त्या बाजूला, मी या बाजूला पायरीवर. चहा फाटकावरून जायचा. दुपारच्या त्या शांततेत ती हळू आवाजात बोलत राहायची, आणि तिचं बोलणं ऐकता ऐकता मला अर्धवट गुंगी यायची. तिला त्याचं वाईट वाटत नसे. "निजा निजा," म्हणायची, "मेंढरं बी ऐकता ऐकताच निजत्यात." तिचा सगळा जन्म चालण्यात गेला होता. सोनबाशी लग्न झालं आणि दुसऱ्या आठवड्यात ती कळपामागे निघाली. सिल्लोडकडे, तिथून खाली, पुन्हा वर... कुठे चारा आहे, कुठल्या शेतकऱ्याला खतासाठी शेतात कळप बसवून हवाय, त्यावर मुक्काम ठरायचा. मुलांना कधी नीट शाळा मिळाली नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हा ती वाडीवर स्थिरावली. सून मंगल शेंद्र्याला एका कारखान्यात पॅकिंगला जाते, आणि तिला पगारी सुट्टी मिळते याचं गिरजाक्काला फार नवल होतं.

एकदा तिच्या डोळ्याच्या कामासाठी आम्ही दोघी रिक्षाने शहरात गेलो. जालना रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, मोटारींची दुकानं, दवाखाने, लग्नाचे हॉल. मी त्या रस्त्याने आयुष्यभर गेले आहे आणि तो कसा बदलला हे सांगत बसण्याचा मला नाद आहे. पण त्या दिवशी मी गप्प झाले. गिरजाक्का रिक्षातून बोट दाखवत होती. इथं वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, लावलं होतं. इथं पाऊस लागला, सारी रात भिजलो. मुकुंदवाडीच्या स्टेशनाकडे हात करून म्हणाली, "रुळापल्याड गवत लई. पर गाडी आली की मेंढरं बिचकायची, मग आमी त्यास्नी धरून बसायचो." पुढे एका मोठ्या मोटारींच्या दुकानाशी सिग्नल लागला. काचेमागे पांढरीशुभ्र गाडी फिरत्या चौथऱ्यावर गोल गोल फिरत होती. ती तिकडे बघत राहिली. "तिथं मही थोरली जन्मली," ती म्हणाली, "बोरीच्या झाडाखाली. सोनबानं घोंगडं आडवं धरलं होतं." सिग्नल सुटला. मी वर्गात मुलांना नकाशे काढायला लावले, रंगवायला लावले, पण एकाच जागेवर दोन गावं असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या दुकानावरून जाताना काचेत घोंगडं दिसायचं.

मग आमच्या सोसायटीने भिंत बांधायचं ठरवलं. मेंढरांच्या लेंड्या पडतात, वास येतो, अनोळखी माणसं ये-जा करतात, आणि प्लॉट बघायला आलेली गिऱ्हाइकं नाक मुरडतात. पायवाटेवर भिंत घातली की सगळा प्रश्न मिटतो, असं सचिव दिवाकरराव म्हणाले. दिवाकरराव वाईट माणूस नाही. वीज गेली की माझी आधी चौकशी करतात. पण पायवाट सार्वजनिक, तेव्हा ग्रामपंचायतीची परवानगी पाहिजे. वाट बंद झाली तर मेंढरांना हौदाकडे जायला मोठ्या रस्त्याने, ट्रकांमधून, लांबचा वळसा. म्हणजे कळप ठेवण्यात अर्थच नाही. मी हे गिरजाक्काला सांगितलं तेव्हा तिने तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली घेतला.

"ही परवानगी देतंय कोण?"

"ग्रामपंचायत."

"तिथं बसतंय कोण?"

"निवडून आलेली माणसं."

"मंग मी बसते," ती म्हणाली आणि चहा प्यायली.

आमच्या प्रभागाची जागा त्या वेळी बायकांसाठी होती. समोर उभ्या होत्या शोभाताई, प्लॉट पाडणाऱ्या एका बड्या माणसाच्या मंडळी. भिंतीचा शब्द त्यांनी वसाहतीला आधीच देऊन टाकला होता. अर्ज भरायला, चिन्ह घ्यायला मी गिरजाक्काबरोबर गेले. चिन्हात तिला मेंढी पाहिजे होती. जनावरांची चिन्हं देत नाहीत म्हणून साहेबांनी सांगितलं. "माणसाला उभं राहता येतंय आन् मेंढराला नाय?" तिने विचारलं. साहेब हसले नाहीत. शेवटी मिळाली छत्री. दोन वर्षं पाऊस नाही आणि ही बाई छत्री घेऊन मत मागायला निघाली, याची लोकांनी यथेच्छ टिंगल केली. तिचं उत्तर ठरलेलं असे. "पाऊस नाय, पर ऊन हाय का नाय?" आणि स्वतःची जुनी काळी छत्री उघडून ती पुढच्या दाराकडे निघायची.

वसाहतीत तिला घेऊन फिरताना माझी फारच पंचाईत झाली. मी त्याच सोसायटीची सभासद. ज्यांच्या घरी हळदीकुंकवाला जायचं त्यांच्याच दारात उभं राहून त्यांच्या मनाविरुद्धचं मत मागायचं. लोक सभ्य होते. प्रत्येक घरी पाणी पुढे केलं गेलं. दुष्काळात कोणी पाणी दिलं आणि आपण नको म्हटलं तर तो अपमान, असं गिरजाक्काचं म्हणणं, म्हणून ती प्रत्येक घरी प्यायची. पेल्यात घोटभर उरलं तर ते मोरीत न जाऊ देता दारातल्या कुंडीत ओतायची आणि मगच पेला परत द्यायची. मत द्या असं तिने म्हटलेलं मला आठवत नाही. "मी तुमची शेजारीण," एवढंच सांगायची. शेवटच्या घरातून बाहेर पडल्यावर माझ्या दंडाला धरून कानात म्हणाली, "बाई, मतं कशी पडतील ठाऊक नाय. पर पाणी लई झालं. तुमच्या घरी चला बिगीनं." आम्ही दोघी म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत अक्षरशः धावलो.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच मत देऊन शाळेबाहेर आले तेव्हा ती दारात पोलिसाशी बोलत होती. डोक्यावर छत्री. प्रचाराचं चिन्ह आत नेता येत नाही म्हणून तो अडवत होता. ती म्हणत होती, "आवो, चिन्ह नाय हे, डोक्यावर ऊन हाय." तोही बिचारा पेचात. ती खरंच उन्हासाठी रोज छत्री वापरणारी बाई, आणि आज तीच छत्री तिला आड आलेली. शेवटी मला बघून तिने छत्री मिटली. "बाई, मही छत्री घरी न्या. उद्या येते घ्यायला." मग रांगेत उन्हातच उभी राहिली. मी कोणाला मत दिलं हे तिने मला कधी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. आता वाटतं, सांगून टाकायला हवं होतं. तिला बरं वाटलं असतं.

ते आमचं शेवटचं बोलणं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर वाडीमागच्या ओढ्याकाठी तिला निरोप दिला. सगळे परतताना माणसांमध्ये कुजबुज सुरू झाली. विचारायला लाज वाटते आणि विचारल्याशिवाय राहवत नाही असा प्रश्न होता. आता मतांचं काय? ग्रामसेवक आले होते, त्यांनीच खुलासा केला. मतदान होऊन गेलंय, तेव्हा मोजणी ठरल्याप्रमाणे होणार. त्या हरल्या तर समोरच्या बाई निवडून आल्या, विषय संपला. त्या जिंकल्या तर तसं जाहीर होणार, पण जागा रिकामी राहणार आणि पुढे पोटनिवडणूक लागणार. सोनबा हे सगळं खाली बघून ऐकत होता. तो मुळात कमी बोलणारा. म्हणाला, "म्हंजी ती मेलेली बी उभीच हाय म्हणा की."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात टँकरचा हॉर्न वाजला. टँकर चालवणारे रशीदभाई मूळचे सिल्लोडचे. दोन दुष्काळ त्यांनी आम्हाला पाणी पाजलं, आणि परत जाताना टाकीतलं उरलंसुरलं पाणी ते न सांगता गायरानातल्या हौदात सोडून जायचे. त्या दिवशी पाणी आणायची पाळी नव्हती. ते खालीच उतरले नाहीत, स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "अक्का जीत गयी, बाई... अब मुबारक किसकू बोलना?" मग दार उघडून म्हणाले, बसा. मी आयुष्यात पहिल्यांदा टँकरच्या केबिनमध्ये बसले आणि आम्ही वाडीवर गेलो.

वाडीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा होता. त्यात मोजणीला गेलेली माणसं आणि गुलालाची पोती. जिंकणारच या खात्रीने ती आधीच आणून ठेवलेली. पण समोर सुतकाचं घर. ढोल गाडीतच आडवा पडलेला. कोणी घोषणा देईना, कोणी खाली उतरेना, पोत्यांकडे बघेना. ज्या बाईला त्यांनी निवडून आणलं होतं तिच्या दारात आनंद करायचा नाही आणि तिच्या जिंकण्याचं दुःख तरी कसं करायचं? मंगल उंबऱ्यात बसून मोठ्याने रडत होती. "आत्याबाई, जिंकलात वो तुमी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मलाही मग आवरलं नाही.

सोनबा घरातून बाहेर आला. टेम्पोपाशी गेला. पोत्यात हात घालून मूठभर गुलाल काढला आणि तळहातावर बघत उभा राहिला. मग म्हणाला, "सुतक आमाला हाय. मेंढरांना कसलं सुतक? त्यांच्यासाठीच उभी व्हती ती. टाका त्यांच्या अंगावर."

दिवाळीच्या पाडव्याला ते मेंढरं रंगवतात, त्यामुळे हात सरावलेले होते. पण हे तसं नव्हतं. माणसं वाघरात शिरली आणि मेंढरांच्या पाठीवर, मानेवर, शेपटाकडे गुलाल चोळू लागली. कोणी हुंदके देत होतं, कोणी कोकराला पोटाशी धरून रंग लावत होतं. धूळ आणि गुलाल मिळून हवाच गुलाबी झाली. मग सोनबाने काठी उचलली आणि कळप बाहेर काढला. पाण्याची वेळ झाली होती. त्या पायवाटेने, आमच्या वसाहतीच्या कडेने, गुलाबी मेंढरं हौदाकडे निघाली. मागे आम्ही. गच्च्यांवर माणसं आली, खिडक्या उघडल्या. गळ्यातल्या घंटा वाजत होत्या तेवढाच आवाज. माझ्या घराच्या कुंपणाशी आलो तेव्हा मला वाटलं, मी अजून दुपारची झोपच घेते आहे, आणि आता कोणीतरी मोठ्याने विचारेल, बाई, निजल्या का... हौदाच्या पाण्यात सगळ्यांनी तोंडं घातली आणि पाणीही हळूहळू गुलाबी झालं. अशी विजयाची मिरवणूक मी कधी पाहिली नव्हती, आणि पुन्हा बघायची नाही.

पुढचं सांगताना माझी चिडचिड होते. निकालानंतर वसाहतीत जो तो सांगायला लागला की आपण गिरजाक्कालाच मत दिलं. दिवाकररावसुद्धा डोळे पुसत म्हणाले, "आमच्या घरची सगळी त्यांनाच हो." सगळ्यांनी तिलाच दिलं तर शोभाताईंना मतं काय हौदाने दिली? आणि तेरावं व्हायच्या आत एका सकाळी त्याच पायवाटेच्या तोंडाशी काटेरी तार लागली. भिंत नव्हे, भिंतीला परवानगी लागते. "तात्पुरती आहे हो, बाई," दिवाकरराव म्हणाले. "पोटनिवडणूक होईपर्यंत." सोनबा ग्रामपंचायतीत जाऊन आला. जागा रिकामी आहे, नवा सदस्य आला की बघू, असं त्याला सांगण्यात आलं. म्हणजे ती जिंकली होती, आणि तिच्या खुर्चीवर बसून बोलायला ती नव्हती. मतं तिची होती. वाट मात्र बंद झाली होती.

मंगल एका सकाळी कामावर जाताना मला सांगून गेली, मामंजी कळप विकायचं म्हणतायत. मोठ्या रस्त्याने नेताना ट्रकखाली एक मेंढी गेली होती. मी पायरीवर बसून राहिले. बघते तर सोनबा सवयीने कळप पायवाटेवरच घेऊन आलेला, तारेपाशी सगळी मेंढरं थांबलेली. पाठीवरचा गुलाल विटला होता, तरी होता. पलीकडे हौद दिसत होता. ती ओरडत नव्हती, नुसती तिकडे बघत होती. सोनबाही बघत होता. मी उठले आणि पुढचं फाटक उघडलं. मग मागचं उघडलं. मधे माझं अंगण, कुंड्या, तुळस, जास्वंद.

"सोनबा, इकडून घाला."

त्याने काठीने कुंड्या दाखवल्या. "बाई, झाडं हायत तुमची."

"मुळं आहेत ना जाग्यावर? पाणी घातलं की फुटतं."

त्याने मान दुसरीकडे फिरवली. मग जिभेने टकटक आवाज काढला, आणि कळप माझ्या अंगणातून वाहत गेला. दिवाकरराव दुपारी आले. सोसायटीच्या नियमात हे बसत नाही म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "तात्पुरतं आहे हो. पोटनिवडणूक होईपर्यंत."

कळप अजून विकलेला नाही. पोटनिवडणूक कधी लागेल ठाऊक नाही. मंगल उभी राहील असं वाडीत बोलतात. राहिली तर तिला घेऊन मी पुन्हा दारोदार फिरेन आणि प्रत्येक घरी पाणी पिईन. छत्री परत द्यायला मी वाडीवर गेले होते. सोनबाने हात पुढे केला नाही. "तुमच्यापशी ठेवून गेलीय ती," तो म्हणाला. "तिथंच असू द्या." म्हणून ती व्हरांड्याच्या कोपऱ्यातच आहे. सकाळी मेंढरं यायच्या वेळी मी ती उघडते आणि मागच्या फाटकाशी उभी राहते, उन्हासाठी. मेंढरं दोन्ही बाजूंनी निघून जातात. लोकर कातरून झाली, त्यामुळे गुलाबी रंग आता फक्त कानांमागे राहिला आहे, आणि नवी कोकरं तर पांढरीच आहेत.

जास्वंदीला यंदा फूल नाही. कळी दिसली की दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या तरी पोटात गेलेली असते. मी अजूनही तोंड सोडते, अगदी पहिल्या दिवशी सोडलं होतं तसंच, आणि दमले की थांबते. फाटकाच्या त्या बाजूने उत्तर येत नाही. मग ते मीच देते. पाणी घाला बाई, फुटतंय.